श्रीहरिकोटाला रॉकेटचं उड्डाण बघायला लेकरं न्यायची आहेत. परभणीकडून नियोजन कसं करावं?

जिंतूर_शाळा

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेची आठवी-नववीची २२ लेकरं आणि आम्ही ४ शिक्षक, असे २६ जण श्रीहरिकोटाला जाऊन उड्डाण प्रत्यक्ष बघायचा विचार आहे. वर्गात थेट प्रक्षेपण दाखवतोच, पण पडद्यावरचं आणि समोरचं यात फरक आहे, तो लेकरांना कळायला हवा.

विचारायचं ते असं. नोंदणी कशी होते आणि लेकरांना आत सोडतात का? तारीख थोडे दिवस आधी कळते, मग रेल्वेचं जमतं का, की सरळ बस करावी? कोणत्या रॉकेटसाठी जाणं जास्त फायद्याचं? नेमकं काय दिसतं आणि किती वेळ? आणि ऐनवेळी उड्डाण पुढं ढकललं तर काय करायचं?

बहुतेक घरं कोरडवाहू शेतीची आहेत. पैसे सोयाबीन-कापसातून येणार, त्यामुळं जाणं एकदाच होईल. म्हणून जरा नेमकं, आकड्यांसकट सांगा.

---

चेन्नईत_बीडकर

सर, नोंदणी आणि जागेबद्दल मी सांगतो. प्रवासाचं बाकीचे सांगतीलच.

इस्रोनं श्रीहरिकोटा बेटावर लोकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची मोठी प्रेक्षक-गॅलरी बांधली आहे. ती मार्च २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, आणि तिथून लोकांनी पाहिलेलं पहिलं उड्डाण १ एप्रिल २०१९ चं, पीएसएलव्ही-सी४५ या रॉकेटचं. साधारण ५,००० माणसं बसतात. मोठे पडदे आहेत, त्यावर नियंत्रण कक्षातलं चित्र आणि उलटी मोजणी चालू असते. शेजारी अवकाश संग्रहालय आणि रॉकेटच्या प्रतिकृती आहेत. पैसे लागत नाहीत, पण आधी नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत.

नोंदणी फक्त ऑनलाइन होते, शार केंद्राच्या (श्रीहरिकोटाच्या सतीश धवन अवकाश केंद्राच्या) संकेतस्थळावर: एलव्हीजी डॉट शार डॉट जीओव्ही डॉट इन. उड्डाणाची तारीख जाहीर झाली की थोड्या दिवसांनी इस्रो नोंदणीचा दिवस आणि वेळ सांगते. ती वेळ घड्याळ लावून पाळा. गाजलेल्या मोहिमेला जागा काही मिनिटांत संपतात. साध्या पीएसएलव्हीला त्या मानानं सवड मिळते.

२६ जणांची नोंदणी फसते ती तयारी नसल्यामुळं. आजच एक तक्ता करा. त्यात आधारवर छापलंय तसंच्या तसं नाव, आधार क्रमांक, जन्मतारीख, आणि ज्यावर ओटीपी येईल तो चालू मोबाईल नंबर. आपल्याकडं लेकराच्या आधारवर वडिलांचं नाव एका पद्धतीनं आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या पद्धतीनं असतं. फॉर्ममध्ये दाखल्यावरचं नाव टाकलं की गेटवर अडकतं. चारही शिक्षकांनी लेकरं वाटून घ्या आणि चार फोनवर चौघांनी एकदमच बसा. एका फॉर्ममध्ये किती जण घेता येतात आणि वयाची काय अट आहे, हे प्रत्येक वेळच्या सूचनेत लिहिलेलं असतं. ते आदल्या दिवशीच वाचून ठेवा, खिडकी उघडल्यावर वाचत बसायला वेळ नसतो.

पास आला की त्याचे कागदी प्रिंट काढा. उड्डाणाच्या दिवशी बेटावर गर्दीमुळं नेटवर्क बसतं, मग फोनमधला मेल उघडत नाही. सोबत प्रत्येकाचं मूळ आधार आणि जादा कागद म्हणून शाळेचा बोनाफाईड. पासवर आत घ्यायची शेवटची वेळ असते, ती उलटली की गेट बंद, मग तुम्ही ८०० किमी वरून आला असलात तरी.

नोंदणी नाही मिळाली तर? सुलुरपेटहून बेटाकडं जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. त्याच्या कडेनं उभं राहून लोक पूर्वीपासून बघत आलेत. पण उड्डाणाच्या दिवशी पोलीस कुठवर सोडतील, गाडी कुठं लावू देतील, याचा भरवसा धरता येत नाही. चौघांच्या कुटुंबानं ते करावं. २२ लेकरं पाण्याच्या कडेला, रहदारीच्या रस्त्यावर उभी करू नका.

---

गोदाकाठचा_प्रवासी

प्रवास बसनंच करा, रेल्वेनं नाही. कारण हिशेबातच आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि उड्डाणाची पक्की तारीख आठ-पंधरा दिवस आधी कळते. म्हणजे हाती राहतं वेटिंग नाहीतर तत्काळ. तत्काळच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त ४ जण बसतात. तुम्हाला ७ तिकिटं लागणार, तीही सकाळी ११ ला स्लीपरची खिडकी उघडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत. निम्मी लेकरं गाडीत आणि निम्मी फलाटावर, असली वेळ येऊ देऊ नका. आणि उड्डाण एक दिवस पुढं गेलं तर परतीचं तिकीटही वाया.

२६ जणांना ३२-३५ सीटची बस पुरते. बसवाल्याकडं अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे का ते आधी कागदावर बघा, कारण तेलंगणा आणि आंध्र अशी दोन राज्यं लागतात. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर बाहेरच्या राज्यात मिळते का, ते तुमच्या आगारात विचारून घ्या. चालक दोन हवेतच.

रस्ता असा: नांदेडवरून हैदराबाद साधारण २८० किमी. हैदराबादेत शिरूच नका, बाहेरच्या रिंग रोडनं वळसा घालून विजयवाडा महामार्ग धरा. नार्केटपल्लीला उजवीकडं वळून मिर्यालगुडा, पिडुगुराळ्ळा, अद्दंकीमार्गे चेन्नई-कोलकाता महामार्गाला लागा. पुढं ओंगोल, नेल्लोर, गुडूर, नायडूपेटा आणि सुलुरपेट. नांदेडपासून सव्वाआठशे किमीच्या आसपास धरा. जेवण-चहा-लघवीचे थांबे धरून १७-१८ तास लागतात. सहलीच्या परवानगीत रात्रीच्या प्रवासाला मनाई असेल तर जाताना हैदराबादच्या बाहेर एक मुक्काम करावा लागेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज करताना तारीख एक न लिहिता "अमुक ते अमुक या कालावधीत" असं लिहा, म्हणजे तारीख सरकली तरी परवानगी पुन्हा काढायची पाळी येत नाही. पालकांची हमीपत्रंही त्याच कालावधीची घ्या.

मुक्काम सुलुरपेटमध्येच मिळेल असं धरून चालू नका. गाव लहान, लॉज मोजके, आणि उड्डाणाला सगळे तिथंच येतात. नायडूपेटा किंवा गुम्मिडीपूंडीला बघा, दोन्हीकडून सकाळी लवकर निघून पोचता येतं.

दोघं-चौघं जाणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना रेल्वे चालेल. नांदेड-परभणीवाल्यांनी हैदराबादला गाडी बदलून गुडूर किंवा चेन्नई. लातूर-धाराशिववाल्यांनी सोलापूरहून मुंबई-चेन्नई मार्गाची गाडी धरून रेणिगुंटा. चेन्नईहून सुलुरपेटला लोकल येते, दोनेक तासांचा प्रवास. रेणिगुंटा म्हणजे तिरुपतीच्या दारातच, तिथून श्रीकाळहस्ती-नायडूपेटामार्गे सुलुरपेट शंभरेक किमी. आपल्याकडचे बरेच जण बालाजी आणि उड्डाण एकत्र करायचं म्हणतात. करा, पण दर्शन आधी उरकून घ्या. ३०० रुपयांच्या दर्शनाची तारीख ठरलेली असते, ती उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशीची घेतली आणि उड्डाण सरकलं तर दोन्हींतलं एक सोडावं लागतं.

तारीख आधी कळायची एक युक्ती आहे. विमानांसाठी जी नोटॅम सूचना निघते ती आधीच कळते, त्यावरून उड्डाणाची वेळ काढता येते.

---

अवकाशवेडी_लातूर

दादा, नोटॅमबद्दल एक दुरुस्ती. नोटॅममध्ये उड्डाणाची वेळ नसते. समुद्रावरचा कोणता पट्टा, कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत विमानांनी टाळावा, एवढंच त्यात असतं. तारखा अनेक दिवसांच्या असतात आणि रोजची खिडकी काही तासांची. उड्डाण त्या खिडकीत कुठंही असू शकतं आणि नोटॅम रद्द होऊन नवीनही निघतो. त्याचा उपयोग अंदाजापुरता. त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा ठेवू नका आणि बसवाल्याला सांगून ठेवा, इतकंच. पैसे भरायचे ते इस्रोनं वेळ जाहीर केल्यावर.

सर, आता रॉकेट कोणतं निवडायचं ते.

सध्या श्रीहरिकोटाहून मुख्यतः तीन मोठी रॉकेटं उडतात. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच, वजन ३२० टन. जीएसएलव्ही ५१ मीटर, ४२० टन. एलव्हीएम३ साडेत्रेचाळीस मीटर पण ६४० टन. चौथं एसएसएलव्ही लहान आहे, त्यासाठी इतक्या लांबून लेकरं नेऊ नका. एकदाच जायचं असेल तर माझं मत एलव्हीएम३. त्याच्या दोन्ही बाजूंना एस२०० नावाचे घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी जोडरॉकेटं, आहेत, प्रत्येकात २०० टनांच्या वर इंधन. दोन्ही एकदम पेटतात. ज्वाळा आणि आवाज दोन्हींत ते बाकीच्यांच्या पुढं आहे. चांद्रयान-३ यानंच १४ जुलै २०२३ ला दुपारी २:३५ ला गेलं. पण एलव्हीएम३ ची उड्डाणं कमी आणि गर्दी जास्त. वर्ष वाया घालवण्यापेक्षा एक्सएल प्रकारचं, म्हणजे सहा बूस्टर असलेलं, पीएसएलव्ही मिळालं तरी जा, तेही काही कमी नाही.

काय दिसेल ते लेकरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर निम्मं हुकतं. गॅलरीसमोर झाडी आहे. रॉकेट तळावर उभं असलेलं पडद्यावर दिसतं, प्रत्यक्ष नाही. मोजणी शून्यावर आली की आधी झाडांमागं उजेड फुटतो, पांढरा धूर बाजूंना पसरतो, आणि काही सेकंदांनी शेंड्यांवर ज्वाळेचं टोक येतं. हे सगळं पूर्ण शांततेत घडतं. लेकरं इथं गोंधळतात, आवाज बंद झाला की काय असं वाटतं. दमट हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे एका किमीला ३ सेकंद. तळ समजा ७ किमीवर असेल तर आवाज विसाव्या सेकंदाला येतो, आणि तोवर रॉकेट दीड-दोन किमी वर गेलेलं असतं. उजेड फुटताच लेकरांना सेकंद मोजायला लावा, आवाज आला की थांबायचं, तीननं भागायचं. तळ किती किमीवर आहे ते त्यांचं त्यांनाच निघेल.

आकाराचाही अंदाज द्या. ७ किमीवरून ४४ मीटरचं रॉकेट चंद्राच्या बिंबापेक्षाही छोटं दिसतं, साधारण त्याच्या पाऊणपट उंचीचं. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या रुंदीच्या आतच मावेल. मोठी दिसते ती ज्वाळा, कारण ती रॉकेटपेक्षा लांब असते आणि डोळ्यांत भरते. इतकी पांढरी-पिवळी का? घन इंधनात अॅल्युमिनियमची पूड असते, ती जळून तिची पांढरी राख धुरासोबत बाहेर पडते. जाड पांढरी दोर मागं उरते ती तीच. दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन द्रव इंधनावर चालतं, त्याची ज्वाळा जवळजवळ पारदर्शक. म्हणून घन इंधनाचा भाग गळून पडला की दिवसा रॉकेट एकदम विझल्यासारखं दिसतं. बिघाड झाला असं लेकरांना वाटायला नको.

पीएसएलव्ही-एक्सएलचं वेळापत्रक पाठ करून घ्या. शून्याला पहिला टप्पा पेटतो, आणि सेकंदाच्या आतच जमिनीवर पेटणारे ४ बूस्टर. २५ व्या सेकंदाला उरलेले २ हवेत पेटतात. सत्तराव्या सेकंदाच्या सुमारास पहिले ४ सुटतात, नव्वदीत ते २, आणि ११० च्या आसपास पहिला टप्पा. एलव्हीएम३ मध्ये मधलं इंजिन जमिनीवर पेटतच नाही, ते पावणेदोन मिनिटांनंतर हवेत पेटतं आणि त्यानंतर थोड्याच वेळात, सव्वादोन मिनिटांच्या आत-बाहेर, बूस्टर सुटतात. जीएसएलव्हीत उलट आहे, बाजूची द्रव इंजिनं उड्डाणाच्या ४.८ सेकंद आधी चालू होतात. शून्याआधीच धूर दिसला तर घाबरायचं कारण नाही. बूस्टर सुटताना दिसायला दुर्बीण लागते. १०×५० ची एक दुर्बीण सहा लेकरांत फिरवा, पण सूर्य त्या बाजूला असेल तर दुर्बीण अजिबात हातात देऊ नका.

आणखी एक गोष्ट. मिनिटभरानं रॉकेट सरळ वर न जाता समुद्राकडं आडवं होतं. क्षितिजाकडं वळताना ते खाली येतंय असा भास होतो आणि गर्दीतून "पडलं पडलं" असा गलका उठतो. ते पडत नसतं. उपग्रह कक्षेत ठेवायला उंचीपेक्षा आडवा वेग जास्त लागतो, त्यासाठीच ते झुकतं. ध्रुवीय कक्षेचं, म्हणजे उत्तर-दक्षिण फिरणाऱ्या उपग्रहाचं, पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि श्रीलंका टाळून मग दक्षिणेला वळतं. भूस्थिर कक्षेकडचं, म्हणजे पृथ्वीच्याच गतीनं फिरणाऱ्या उपग्रहाचं, पूर्वेला सरळ दूर जातं.

वेळेचंही बघा. रात्रीच्या उड्डाणात सगळा परिसर काही सेकंद उजळतो आणि बूस्टर सुटणं नुसत्या डोळ्यांनीही कळू शकतं. सगळ्यात सुंदर वेळ मात्र सूर्योदयाआधीची किंवा सूर्यास्तानंतरची. खाली अंधार आणि वरच्या धुरावर ऊन, त्यामुळं धुराला रंग चढतात. श्रीहरिकोटाचं शंभरावं उड्डाण, जीएसएलव्ही-एफ१५, २९ जानेवारी २०२५ ला पहाटे ६:२३ ला झालं ते अशाच वेळी.

ढग हा खरा अडसर. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथं ईशान्य मोसमी पाऊस असतो, आपल्याकडचा पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ढगाचा तळ ६०० मीटरवर असेल तर रॉकेट पंधराएक सेकंदांत आत शिरतं आणि उरतो फक्त आवाज. तारीख निवडायची मुभा असेल तर जानेवारी ते मार्च बघा. आदल्या दिवशी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर चेन्नईचं रडार आणि उपग्रहाचं चित्र तासातासानं बघत राहा. नुसत्या रिमझिम पावसानं उड्डाण थांबेलच असं नाही. विजा आणि वरच्या थरातला जोराचा वारा यांनी थांबतं.

---

कॅमेरा_जालना

फोटोचं थोडक्यात सांगतो. लेकरांना फोटो काढायला सांगूच नका. एका शिक्षकानं काढावा, बाकीच्यांनी डोळ्यांनी बघावं. दोन-अडीच मिनिटांचा खेळ आहे.

फोनवर: आधीच झाडांच्या शेंड्यांवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. मग उजेडाची पट्टी खाली ओढा, चित्र डोळ्यांना काळपट वाटेपर्यंत. असं नाही केलं तर ज्वाळा आली की फोन गडबडतो, सगळं पांढरं होतं आणि फोकस शोधत बसतो. झूम करू नका, फोन उभा धरा, व्हिडिओच घ्या.

कॅमेऱ्यावर दिवसा: १/१६०० सेकंद, एफ/८, आयएसओ २००, लेन्स २०० ते ४०० मिमी. दूरच्या झाडावर ऑटोफोकस लावून घ्या आणि लगेच मॅन्युअलवर टाका. रात्री उजेडाची लांब कमान टिपायची असेल तर तिपाई, १४-१८ मिमी लेन्स, एफ/११ ते १६, आयएसओ १००, आणि शटर दोन-अडीच मिनिटं उघडं. तिपाई आत नेऊ देतात का ते पासवरच्या सूचनेत बघा. ड्रोन तर नावालाही नको.

एसी गाडीतून कॅमेरा काढला की काच धुक्यानं भरते. आपल्या कोरड्या हवेत हे होत नाही, म्हणून माणसाच्या ध्यानात राहत नाही. निदान अर्धा तास आधी बॅगेतच ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्या, पुसत बसू नका.

समुद्र पूर्वेला आहे आणि रॉकेटही तिकडंच जातं. सकाळी सात ते दहाचं उड्डाण असेल तर सूर्य तोंडासमोर असणार, कपाळावर टोपीची सावली हवी. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो. फोटोलाही ते बरं आणि डोळ्यांनाही.

---

जिंतूर_शाळा

फार उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. बसचं आणि कालावधीच्या परवानगीचं आजच मुख्याध्यापकांशी बोलतो. दोन प्रश्न राहिले. उड्डाण पुढं ढकललं तर किती दिवस थांबावं? आणि खाण्यापिण्याचं, लेकरांच्या तब्येतीचं काय बघावं?

---

चेन्नईत_बीडकर

सर, उड्डाण सरकण्याचे तीन प्रकार ध्यानात घ्या, म्हणजे किती थांबायचं ते ठरवता येईल.

पहिला प्रकार मिनिटांचा किंवा तासांचा. आधीच वर असलेल्या वस्तूंशी टक्कर टळावी म्हणून वेळ मिनिट-दोन मिनिटं हलवतात. स्पेडेक्सचं (अवकाशात दोन उपग्रह जोडून बघायच्या मोहिमेचं) उड्डाण ३० डिसेंबर २०२४ ला रात्री ९:५८ वरून १० वर गेलं. गगनयानच्या (माणूस अवकाशात न्यायच्या मोहिमेच्या) २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत मोजणी ५ सेकंदांवर आपोआप थांबली, कारण शोधून त्याच दिवशी सकाळी १० ला उड्डाण केलं. त्या वेळी जे उठून गेले असतील त्यांचं हुकलं. म्हणून मोजणी थांबली तरी "आज रद्द" अशी घोषणा होईपर्यंत लेकरांना जागेवरून हलवू नका.

दुसरा प्रकार एका दिवसाचा. प्रोबा-३ या युरोपच्या उपग्रहांचं उड्डाण ४ डिसेंबर २०२४ ला तासाभर आधी थांबवलं, उपग्रहात अडचण निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ४:०४ ला गेलं. तिसरा आठवड्याचा. चांद्रयान-२ हे १५ जुलै २०१९ च्या पहाटे ५६ मिनिटं बाकी असताना थांबवलं आणि २२ जुलैला उडालं. रॉकेटच्या टाक्यांतलं इंधन काढून, आत हात घालून दुरुस्ती करायची पाळी आली की आठवडा धरायचाच.

यावरून हिशेब असा: आदल्या दिवशी संध्याकाळी पोचा, उड्डाणाचा दिवस, आणि वर एक पूर्ण दिवस राखीव. बसवाल्याशी करार करतानाच त्या जादा दिवसाचं भाडं लिहून घ्या, तिथं गेल्यावर घासाघीस नको. त्याहून जास्त पुढं गेलं तर परत फिरा. नव्या तारखेला जुना पास चालेल असं गृहीत धरू नका, संकेतस्थळावर त्याची वेगळी सूचना येते ती वाचा. परत फिरायची वेळ आलीच तर तो दिवस कोरडा जाऊ देऊ नका. पुलिकतच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, सुलुरपेटच्या उत्तरेला नेलापट्टूचं पक्षी अभयारण्य आहे.

खाण्याचं: पहिल्या दीड दिवसाला धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून बांधून घ्या, माणशी ६ धपाटे पुरतात. दही आणि कांद्याचं काही सोबत नको, त्या हवेत आंबतं. नंतर तिकडं भात-सांबार सगळीकडं मिळतं. लेकरांना तिखटाची सवय असते, त्याची काळजी नाही, पण पोळी मिळेलच असं नाही.

उन्हाचं मात्र नीट ऐका. आपल्याकडं ४२ अंशातही सावलीत बसलं की बरं वाटतं, कारण घाम वाळतो. तिथं ३४ अंशातच घाम अंगावर तसाच राहतो आणि अंग तापत जातं. लेकरू "मला काही होत नाही" म्हणतं आणि अर्ध्या तासात चक्कर येऊन बसतं. माणशी २ लिटर पाणी, आणि एक लिटरमागं ओआरएसची एक पुडी, पूर्ण लिटरात. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी टाकू नका, पोट बिघडतं. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, संध्याकाळी डासांचं मलम. गॅलरीत खाण्यापिण्याचं काय नेऊ देतात ते पासवर बघून बाकीचं बसमध्ये ठेवा. लघवीला सगळ्यांना उड्डाणाच्या एक तास आधी नेऊन आणा, शेवटच्या दहा मिनिटांत कुणी उठायचं नाही.

आत शिरताच भेटायची एक जागा ठरवा, एखाद्या रॉकेटच्या प्रतिकृतीजवळ. फोन लागत नाहीत. प्रत्येक लेकराच्या खिशात शाळेचं नाव, बसचा नंबर आणि दोन शिक्षकांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. उड्डाण संपल्यावर घाई करू नका. सुलुरपेटकडं जाणारा मुख्य रस्ता एकच आहे आणि ५,००० माणसं एकदम निघतात. तो दीड-दोन तास लेकरांना संग्रहालय दाखवा.

आणि फोनवर थेट प्रक्षेपण लावून मोजणी ऐकू नका. ते प्रत्यक्षाच्या मागं असतं. फोनवर अजून "दहा, नऊ" चालू असतं आणि समोर रॉकेट निघून गेलेलं असतं.

---

अवकाशवेडी_लातूर

सर, जायच्या आधी शाळेत एक सराव करून घ्या. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर ३५० मीटर मोजा, शाळेची ३० मीटरची टेप बारा वेळा टाकली की जवळजवळ झालंच. एक जण हलगी घेऊन त्या टोकाला, बाकीचे या टोकाला. त्यानं काठी खांद्याच्या वर नेऊन जोरात मारायची. काठी पडलेली दिसते आणि आवाज एका सेकंदानं येतो. मग ७०० मीटरवर जा, दोन सेकंद लागतील. वारा तुमच्याकडं वाहत असताना एकदा करा आणि उलटा असताना एकदा, आवाजाच्या जोरातला फरकही कळेल. दुपारी समुद्रावरून जमिनीकडं वारा असतो, तेव्हा गॅलरीत आवाज चांगला पोचतो.

सेकंद मोजायला "एक हजार एक, एक हजार दोन" असं सगळ्यांकडून एका लयीत म्हणवून घ्या, घड्याळाशी ताडून. २२ जणांची लय जुळायला तीन-चार दिवस लागतात. श्रीहरिकोटाला गेल्यावर उत्साहात सगळे भराभर मोजतात आणि सातचे नऊ किमी होतात. म्हणून एका लेकराला फक्त स्टॉपवॉच धरायला द्या. त्यानं वर बघायचं नाही असं मात्र सांगू नका. उजेड फुटला की बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं, मधल्या वेळात तोही सगळ्यांसारखा वरच बघेल.